गोटी सोड्याच्या बाटलीची तीन वयं

रानात जुनी बाटली सापडली की माणूस आधी तिच्यावरची अक्षरं शोधतो. कंपनीचं नाव असेल, गाव असेल, नशीब असेल तर साल. साल बहुधा नसतंच. मग ‘इंग्रजांच्या काळातली असणार’ असं म्हणून विषय मिटतो. जुनी काच जे सांगते ते अक्षरांपेक्षा शिवणीत, ओठात, घासल्याच्या खुणांत जास्त असतं, आणि ते एका सालात मावत नाही. बाटलीला वयं तीन: ती घडली तेव्हाचं, ती राबली तेवढ्या वर्षांचं आणि ती टाकली गेली तेव्हाचं. ही तीन वेगळी ठेवता आली की बाटली वाचता येते.

वाचायला घेतलेली बाटली मुळशी तालुक्यातल्या कासार आंबोलीची. पिरंगुटच्या पुढे, पौड रस्त्याच्या अंगाला भातखाचरं संपून टेकड्या सुरू होतात, तिथल्या करवंदीच्या जाळीखालून जाणाऱ्या ओढ्यात पावसाळ्यानंतर ती उघडी पडली. गोटी सोड्याची बाटली. वीतभर उंच, हिरवट निळसर, हाताला अपेक्षेपेक्षा जड. पोटावर उठावाची रोमन अक्षरं आहेत. त्यातलं ‘पूना’ तेवढं लागतं, कारखान्याचं नाव झिजून गेलंय. तोंडाचा एक टवका उडालाय. गोटी मात्र आत शाबूत आहे, आणि बाटली हलवली की वाजते.

ही बाटली मुळात एक यंत्र आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवं. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. सोडा कोंडायचा म्हणजे वायूचा दाब आवरायचा, आणि साधं बूच त्या दाबाने उडून जातं. त्याआधी यावर उपाय होता तो अंड्याच्या आकाराची, बुडावर उभीच न राहणारी बाटली. ती आडवी ठेवली की बूच आतून ओलं राहतं, सुकून आक्रसत नाही. कॉडने बूचच काढून टाकलं. ओठाच्या आतल्या खाचेत रबराचं कडं, मानेत काचेची गोटी. बाटली उलटी धरून भरली की गोटी रबरावर येऊन बसते, आणि सुलटी केल्यावर आतला वायूच तिला वर दाबून धरतो. जो दाब बूच उडवायचा, त्यालाच त्याने राखणीला बसवलं. ज्याच्यापासून धोका, त्याच्याच हाती चावी! एवढी नेटकी कल्पना घरगुती वस्तूंत क्वचित भेटते.

आता मान नीट पाहावी, कारण या बाटलीचं सगळं सौंदर्य तिथे आहे. मान मध्ये आवळलेली आहे, म्हणून आत ढकललेली गोटी खाली पोटात न पडता मानेच्या कप्प्यातच राहते. त्या कप्प्याच्या एका बाजूला दोन खळगे दाबलेले आहेत. खळग्यांची बाजू खाली धरून ओतलं की गोटी तिथे अडकते आणि सोडा सरळ बाहेर येतो. उलट बाजूने ओतलं तर गोटी घरंगळत तोंडाशी येते आणि धार बंद. सोडेवाल्याला ही बाजू बोटांनी कळायची, बघावं लागत नसे. हे खळगे शोभेचे वाटतात, पण या मानेत शोभेचं काहीच नाही. प्रत्येक वळणाला काम आहे, आणि म्हणूनच ती देखणी आहे.

बाटली वाचायची ती बुडापासून वर. बुडावर नळी तोडल्याचा खरबरीत वण नाही. तसा वण असता तर काम फुंकणाऱ्याच्या जुन्या पद्धतीचं ठरलं असतं. युरोप-अमेरिकेत ती पद्धत १८६०-७०नंतर मागे पडली. पोटाच्या दोन्ही अंगांनी साच्याची शिवण वर चढते. दोन फळ्यांच्या साच्यात काच फुंकली की फळ्या मिळतात तिथे ही रेघ उमटते. खांद्यावरून मानेपर्यंत ती स्पष्ट आहे, आणि ओठाच्या खाली नाहीशी होते. ओठ वेगळा घडवला आहे; त्याच्याभोवती हत्यार फिरवल्याच्या बारीक आडव्या रेघा नखाला लागतात.

परदेशी संग्राहकांचा ठोकताळा इथे सरळ उत्तर देतो. मायकेल ओवेन्सचं स्वयंचलित बाटलीयंत्र अमेरिकेत १९०३च्या सुमाराला आलं. त्या यंत्रातल्या बाटलीची शिवण ओठावरून थेट वर जाते, आणि बुडावर काच कापल्याचं एक वेडंवाकडं वर्तुळ उमटतं. म्हणजे शिवण मानेतच थांबली तर बाटली यंत्राच्या आधीची, साधारण १९१०पूर्वीची. न्यूयॉर्कजवळच्या रानात हा हिशोब बऱ्यापैकी चालतो. मुळशीत तो चालत नाही.

त्याची कारणं दोन. एक या बाटलीच्या घडणीत आहे. गोटी आत टाकल्याशिवाय ओठ आवळता येत नाही. त्यामुळे तोंडाचं काम अंगाच्या साच्यापासून सुटंच करावं लागतं, मग साल कुठलंही असो. दुसरं कारण आपल्या देशाचं. यंत्र निघालं म्हणून फुंकनळी लगेच थांबली नाही. फिरोजाबादला आजही ती चालते. गोटीची बाटलीही इंग्लंडमधून केव्हाच गेली. १८९२ साली विल्यम पेंटरने पत्र्याचं दातेरी बूच काढलं आणि हळूहळू गोटीची गरज तिकडे संपली. आपल्याकडे, आणि जपानात रामुने नावाच्या पेयासाठी, ती टिकली. उत्तर प्रदेशातल्या सासनीत ती अलीकडेपर्यंत बनत आली. परदेशी तक्त्यातली तारीख आपल्यासाठी म्हणजे फार तर ‘याच्या आधी नाही’ एवढीच. ‘याच्या नंतर नाही’ हे तो तक्ता सांगू शकत नाही.

नंतरची मर्यादा शोधायला देशी खुणा लागतात, आणि त्या अक्षरांत सापडतात. ‘पूना’चं अधिकृत इंग्रजी स्पेलिंग १९७८मध्ये बदललं. मुंबईचं ‘बॉम्बे’ १९९५पर्यंत राहिलं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, तेव्हा पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर बाटली त्यानंतरची. माप औंसात असेल तर बहुधा दशमान पद्धत रुळण्याच्या आधीची, मिलिलिटरमध्ये असेल तर नंतरची. मापांचा कायदा १९५६चा, आणि पुढच्या काही वर्षांत तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. कोका-कोला भारतातून १९७७ साली गेला आणि १९९३मध्ये परतला, म्हणजे मधल्या सोळा वर्षांतली त्याची देशी बाटली मिळायची नाही. घोडा छाप शाईने दांडेकर बंधूंनी जो कॅम्लिनचा उद्योग सुरू केला तो १९३१चा, म्हणून त्यांच्या शाईची दौत त्याआधीची असू शकत नाही. आपल्या बाटलीवर ‘पूना’ आहे, आणि अक्षरं लागतात तिथे पिन नाही, माप नाही. साचा जुना असेल तर स्पेलिंग बदलल्यावरही चार वर्षं चालला असेल, पण फार नाही.

रंगाकडे वळू. हा हिरवट निळा रंग कुणी मुद्दाम दिलेला नाही. वाळूतल्या लोहाने तो काचेत आपोआप येतो, आणि घालवायचा तर जास्तीची द्रव्यं घालून खर्च करावा लागतो. औषधाला आणि अत्तराला तो खर्च परवडतो, पैशापैशाने विकल्या जाणाऱ्या सोड्याला नाही. पोटात बुडबुडे आहेत, काही खसखशीएवढे, एक लांबट. लांबट बुडबुडा फुंकताना काच कुठल्या दिशेने ताणली गेली ते दाखवतो. भट्टीत काच पुरेशी निथळली नाही असा याचा अर्थ. कारखान्याच्या लेखी तो दोष. बाटली वाचणाऱ्याच्या लेखी या तुकड्यात कामगाराचा श्वास सगळ्यात स्पष्ट दिसतो तो इथेच.

आणि इथेच एक मोह होतो. डोंगरापलीकडे मावळात तळेगाव दाभाडे आहे. अंताजी दामोदर काळ्यांनी घरोघर पैसा-पैसा मागून उभारलेल्या पैसा फंडातून, टिळकांच्या पाठबळाने, १९०८ साली तिथे काच कारखाना निघाला. ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारखा परदेशी शिकून आलेला तंत्रज्ञ त्याला मिळाला. पुढे कराडजवळ ओगलेवाडीत प्रभाकर कंदील घडवणारा कारखाना उभा राहिला. पहिल्या महायुद्धात परदेशी काचेची आवक आटली तेव्हा अशा देशी भट्ट्यांना बाजार मिळाला. मग ही बाटली स्वदेशीच्या भट्टीतली असं म्हणायला जीभ शिवशिवते. पण बुडावर काच कारखान्याची खूण नाही. इंग्लंडातल्या बार्न्सलीला कॉडच्या बाटल्यांचे मोठे कारखाने होते, आणि तिथला माल वसाहतींतही जाई. ‘पूना’ हे सोडा भरणाऱ्याचं गाव. काच घडवणाऱ्याचं गाव त्यावरून ठरत नाही. चांगली गोष्ट आहे म्हणून ती या बाटलीला चिकटवता येत नाही.

आता दुसरं वय, राबण्याचं. खांद्याभोवती आणि बुडाच्या वर एकेक पांढुरका, खरबरीत पट्टा आहे. लाकडी खोक्यात शेजारच्या बाटल्यांवर घासून घासून हे पट्टे पडतात. सोड्याची बाटली विकली जात नसे. गिऱ्हाइकाने गाडीपाशी उभं राहून प्यायचं आणि बाटली परत द्यायची. एकच बाटली शेकडो हातांतून, कित्येक उन्हाळ्यांतून जायची. पट्टे जेवढे रुंद, तेवढी चाकरी मोठी. या बाटलीचे पट्टे बोटभर रुंद आहेत. ती घडल्यावर लगेच फेकली गेली नाही, एवढं नक्की.

तिसरं वय टाकून दिल्याचं. रॉकेल, तेल, मध, डॉक्टरांचं मिक्श्चर, कशाचीही बुचाची बाटली घरात पुन्हा कामी येते; खाचांची कागदी पट्टी चिकटवलेल्या औषधाच्या बाटल्या कित्येक फडताळांत अशाच टिकल्या. गोटीची बाटली मात्र सोड्याखेरीज निरुपयोगी. बूच बसत नाही, गोटी निघत नाही. गोटी काढायची तर फोडावी लागते, आणि मुलांनी ती भरपूर फोडली. उरलेल्या काही दंगलींत फेकल्या गेल्या. ‘दगड आणि सोडावॉटरच्या बाटल्या’ ही जोडी वर्तमानपत्रांत उगाच रूढ झाली नाही. ओठाचा टवका उडाला की दाब कोंडणं संपतं, आणि बाटली सोडेवाल्यालाही नकोशी होते. आपल्या बाटलीचा टवका जुना आहे, त्याच्या कडा गोल झाल्यात. बहुधा तिथेच तिची नोकरी संपली.

मातीत पडल्यावर काचेवर इंद्रधनुषी साय धरते. ओलाव्याने काचेतला क्षार झिरपून जातो आणि वरचे पापुद्रे प्रकाश फोडतात. मुळशीच्या पावसात ही साय देखणी येते. तिच्यावरून वर्षं मोजू नयेत, कारण ती काळापेक्षा जमिनीवर अवलंबून असते. ओढ्यातल्या बाटलीशेजारी मिळालेल्या वस्तूंवरही भिस्त ठेवू नये. पाणी वरचं खाली आणतं आणि दोन पिढ्यांचा कचरा एका खळग्यात भरतं.

एवढ्या वाचनानंतर निकाल असा: ही बाटली १८७२नंतरची नक्की, १९७८च्या फार पुढची नाही, तिने दीर्घकाळ चाकरी केली आणि ओठ फुटल्यावर ती टाकली गेली. शंभर वर्षांच्या या पट्ट्यात तिला एकच साल चिकटवणारा माणूस भेटला तर तो विकणारा आहे असं समजावं.

पुण्याला रोजच्या वापरातल्या वस्तूंची कदर नवी नाही. दिनकर केळकरांनी अडकित्ते आणि दिवे गोळा केले म्हणून आज त्यांच्याकडे कला म्हणून बघता येतं. काचेच्या बाटल्यांच्या वाट्याला अजून भंगारवाल्याचा काटाच येतो. मुळशीच्या डोंगरांत फिरताना अशी एखादी दिसली तर खणून काढू नका. आधी जागेवरच फोटो घ्या, ओढा, टेकडी, गाव लिहून ठेवा. उचललीत तर साध्या पाण्याने धुवा, आम्ल किंवा पॉलिश लावू नका, कारण घासलेले पट्टे आणि साय हाच तिचा मजकूर आहे. आणि वजनावर देण्याआधी शिवणीवरून एकदा नख फिरवून ती कुठे थांबते ते बघा.