पुसलेला पासवर्ड खरंच पुसला जातो का?

सी भाषेत पासवर्ड वापरून झाला की आपण मेमसेटने त्या बफरवर शून्यं लिहितो. कंपायलर बघतो, हे बफर पुढे कुणी वाचतच नाही. मग तो ते लिहिणंच काढून टाकतो. नियमाने त्याचं बरोबर आहे, पण पासवर्ड मेमरीत तसाच राहतो.

२०१७च्या युझनिक्स सिक्युरिटी परिषदेतला यांग आणि सहकाऱ्यांचा पेपर याच विषयावर आहे. त्यांनी ११ मुक्तस्रोत सुरक्षा प्रकल्प तपासले. ४ प्रकल्पांची पुसायची पद्धतच सदोष निघाली, आणखी ४ ती सगळीकडे वापरत नव्हते. ही तपासणी पेपरची खरी ताकद. उपाय म्हणून त्यांनी एलएलव्हीएमवर आधारित कंपायलरला असं पुसणं राखून ठेवणारा पर्याय जोडला.

पण या उपायाची मर्यादा बघा. बफर पुसलं तरी कंपायलरने रजिस्टरमध्ये किंवा स्टॅकवर केलेल्या प्रती उरू शकतात. सी२३ मधल्या मेमसेट_एक्स्प्लिसिटचंही तेच. फळा पुसला, वह्या तशाच राहिल्या! ‘हे गुपित आहे’ असं कंपायलरला सांगायची सोयच सीमध्ये नाही. खरं दुखणं ते आहे.

तोवर एवढं तरी करा: ऑप्टिमायझेशन चालू ठेवून कंपाइल करा आणि असेम्ब्ली स्वतः उघडून बघा.