बाळ येशूची बक्षिसे

नाताळची भेट मुलांना चांगल्या वागणुकीचा मोबदला म्हणून द्यावी काय, हा प्रश्न एका जुन्या जर्मन पुस्तकाने आमच्यापुढे पुन्हा उभा केला. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइन्रिख हॉफमान यांना 1844 च्या नाताळासाठी आपल्या तीन वर्षांच्या मुलाला देण्याजोगे चित्रपुस्तक मिळेना. तेव्हा त्यांनी कोरी वही आणली आणि स्वतःच लिहिले, स्वतःच रंगविले. 1845 मध्ये ते छापले गेले व पुढे ‘श्ट्रुवेलपेटर’, म्हणजे पिंजारलेल्या केसांचा पेटर, या नावाने गाजले. बापाच्या हातची ही भेट. तेवढ्यापुरता आम्हांस तिचा आदरच आहे.

परंतु आरंभीच्या कवितेतच अट आहे. जी मुले मुकाट्याने सूप पितात, खेळताना गलका करीत नाहीत, आईबरोबर नीट चालतात, त्यांच्याकडेच बाळ येशू भेटी घेऊन येतो. पुढे सूप नाकारणारा कास्पर पाचव्या दिवशी मरतो. अंगठा चोखणाऱ्याचे अंगठे शिंपी कात्रीने कापतो. काळ्या मुलाची टिंगल करणाऱ्या तिघांना निकोलस शाईत बुचकळतो. टिंगल निंद्य ठरविली, हे त्या काळी थोडे नव्हे. पण काळे होणे हीच जर शिक्षा, तर टवाळखोरांचे मत लेखकाने मान्यच केले म्हणायचे!

6 डिसेंबरच्या आदल्या रात्री जर्मन मुले दाराशी बूट ठेवतात, ती मीराचे बिशप संत निकोलस यांच्या नावाने. आख्यायिकेत त्यांनी तीन गरीब बहिणींच्या हुंड्यासाठी रात्री गुपचूप सोने टाकले. वर्तनाची चौकशी केली नाही. संतभक्ती टाळण्यासाठी लूथरपंथीयांनी भेटींचा मान बाळ येशूकडे वळविला. गंमत अशी, की पुढे कॅथलिक दक्षिणेनेच तो उचलून धरला. अटीवर दिलेली वस्तू ही मजुरी होय, आणि तिला बाळ येशूचे नाव द्यावे हे आम्हांस खटकते. आमच्या घरांतही ‘हट्ट केलास तर सांताक्लॉज येणार नाही’ असे सहज बोलले जातेच.

मंडणगड तालुक्यातील बाणकोटला 1823 मध्ये स्कॉटिश मिशनरी आले. त्यांच्या पंथाला नाताळचा सण मान्य नव्हता; स्कॉटलंडात त्या दिवसाची सार्वजनिक सुटी 1958 मध्ये सुरू झाली. तेव्हा त्यांच्याकडून या किनाऱ्याला भेटींची रीत मिळणे शक्यच नव्हते. पण मंडणगडच्या वाचकाला दूर जावयास नको. शेजारच्या दापोली तालुक्यातील पालगड हे साने गुरुजींचे गाव. त्यांच्या ‘श्यामची आई’त (1935) श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून नेतो. भाऊ शहाण्यासारखा वागला होता काय, हा विचार श्यामच्या मनाला शिवतही नाही.