उशी कुठे ठेवायची, हे कोण सांगणार?

स्तनाच्या कर्करोगाबद्दलचं साहित्य वाचताना एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. त्यात स्तनाबद्दल भरपूर असतं आणि काखेबद्दल जवळजवळ काहीच नसतं. मातृत्व येतं, सौंदर्य येतं, पूतना येते, रणांगण तर हमखास येतं. पण ऑपरेशन होऊन घरी आलेल्या बाईला विचारा, ती काखेपासून सुरुवात करते. काखेतल्या गाठी काढलेल्या असतात, दंडाची आतली बाजू बधिर झालेली असते, हात खांद्याच्या वर जात नाही. कुशीतून ड्रेनची नळी बाहेर आलेली असते. तिच्या बाटलीत रोज किती पाणी जमलं ते मिलिलिटरमध्ये लिहून ठेवायचं, आकडा पुरेसा उतरला की नळी निघणार. तोवर आंघोळ कशी करायची, गाऊनच्या आत ती बाटली कुठे अडकवायची आणि झोपताना उशी नेमकी कुठे ठेवायची, हे तिचे प्रश्न असतात.

स्तन काढल्यावर पुनर्रचना करून घेतली असेल तर प्रश्न आणखी वाढतात. पुनर्रचनेचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. एक सिलिकॉनच्या इम्प्लांटचा. त्यात बऱ्याचदा आधी त्वचेखाली एक पिशवी बसवतात आणि ती काही आठवडे थोडी थोडी सलाइनने फुगवत नेतात. दुसरा मार्ग स्वतःच्याच शरीराचा भाग वापरण्याचा, पाठीचा किंवा पोटाचा. पोटाचा भाग घेतला तर बाई छातीचं ऑपरेशन करून येते आणि पोटाच्या टाक्यांमुळे कमरेत वाकून चालते. खोकला आला, हसू आलं, की दोन्ही हात पोटावर. नव्या स्तनाला सुरुवातीला स्पर्श जवळजवळ कळत नाही. पुढे थोडाफार परत येतो, कुणाला येतही नाही. रेडिएशन घ्यायचं असेल तर वेळापत्रक बदलतं. ‘पुनर्रचना’ या शब्दावरून एकदा बांधलं की झालं असं वाटतं, पण अनेकींना त्यासाठी एकाहून जास्त वेळा टेबलावर जावं लागतं.

यातलं फार थोडं डिस्चार्ज कार्डावर असतं. ते कार्ड पुढच्या डॉक्टरसाठी लिहिलेलं असतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीसोबत दोन कागद असायला हवेत, एक पुढच्या इंजिनिअरसाठी आणि एक वापरणाऱ्या माणसासाठी. हा दुसरा कागद नेहमी शेवटी लिहिला जातो, किंवा राहूनच जातो. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं, असा ग्लोबोकॅनचा अंदाज आहे. त्यांच्यासाठीचा दुसरा कागद साहित्याने लिहिला का, हा माझा प्रश्न आहे.

लॉर्ड आणि ती गुलाबी गादी

याचं सगळ्यात जवळचं उत्तर म्हणजे ऑड्रे लॉर्ड यांचं ‘द कॅन्सर जर्नल्स’. लॉर्ड कृष्णवर्णीय होत्या, समलैंगिक होत्या, कवी होत्या. १९७८ मध्ये त्यांचा उजवा स्तन काढला गेला आणि १९८० मध्ये हे छोटंसं पुस्तक आलं. रोजनिशीच्या नोंदी आणि निबंध असं त्याचं रूप आहे. भाषा कुठेही रडकी नाही, पण दुखण्याला सुंदरही करत नाही.

पुस्तकातला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. ऑपरेशननंतर ‘रीच टू रिकव्हरी’ नावाच्या उपक्रमातली एक स्वयंसेविका लॉर्डना भेटायला येते. तिचंही हेच ऑपरेशन झालेलं असतं. ती ब्रामध्ये घालायची लोकरीची फिकट गुलाबी गादी घेऊन येते आणि पूर्वीसारखं दिसता येतं, कुणाला कळणारही नाही, असा दिलासा देते. ती गादी लॉर्डच्या कातडीच्या रंगाची नसते. त्यांच्या मनातल्या प्रश्नांची उत्तरंही त्या बाईकडे नसतात. पुढे लॉर्ड गादी न घालता डॉक्टरांच्या दवाखान्यात जातात, तेव्हा तिथली नर्स त्यांना सुनावते की अशाने इथल्या बाकीच्यांचं मनोधैर्य खचतं. यावर लॉर्ड इस्रायलचे मोशे दायान यांचं उदाहरण देतात. त्यांच्या डोळ्यावरची काळी पट्टी पाहून कुणी त्यांना काचेचा डोळा बसवायला सांगत नाही. ती शौर्याची खूण ठरते. बाईची खूण मात्र झाकायची.

लॉर्ड यांचा मुख्य मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. सगळ्याच जणी झाकत राहिल्या तर त्या जगापासून लपतातच, पण एकमेकींपासूनही लपतात. बसमध्ये शेजारी बसलेल्या दोघींचं एकच ऑपरेशन झालेलं असेल आणि दोघींना ते कळणार नाही. शहाद्यात याला कृत्रिम गादीसुद्धा लागत नाही, पदर पुरतो.

त्या बाईच्या पिशवीत आणखी काय होतं

इथवर मी लॉर्डच्या बाजूने आहे. पण त्या स्वयंसेविकेला पुस्तकात न्याय मिळालेला नाही. ‘रीच टू रिकव्हरी’ सुरू केलं टेरीस लॅसर यांनी. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर कसं जगायचं हे सांगणारं कुणीच त्यांना भेटलं नाही. म्हणून त्या स्वतःच इतर बायकांच्या खाटेशी जाऊन बसायला लागल्या. काही सर्जनना हे अजिबात आवडलं नाही. एक रुग्ण दुसऱ्या रुग्णाला काय शिकवणार, असा तो आक्षेप होता. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हा उपक्रम आपल्याकडे घेतला. लॅसर यांच्या भेटीत गादी होतीच, पण एक रबरी चेंडू आणि एक दोरीही होती. चेंडू मुठीत दाबायचा, दोरीने हात हळूहळू वर न्यायचा, म्हणजे खांदा आखडत नाही.

लॉर्डच्या पुस्तकावर लिहिणारे गादीवर थांबतात, दोरीपर्यंत पोचत नाहीत. गादी जगासाठी होती, दोरी त्या बाईसाठी होती. सोबतीने बरं होणं म्हणजे काय, याचं उत्तर मला या दोन वस्तूंमधल्या फरकात दिसतं.

लॉर्ड कृत्रिम स्तनाला नकार देतात, तसाच सिलिकॉनच्या पुनर्रचनेलाही देतात. त्यांचा संशय पोकळ नव्हता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९२ मध्ये सिलिकॉन जेल इम्प्लांटच्या वापरावर कडक निर्बंध आणले आणि ते २००६ मध्ये उठवले. २०१९ मध्ये एका कंपनीचे खरबरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट एका दुर्मिळ लिंफोमाशी संबंध आढळल्याने बाजारातून परत घ्यावे लागले. पण लॉर्डचा नकार कधी कधी सगळ्यांसाठीच्या नियमासारखा वाचला जातो. पुनर्रचना करून घेणारी बाई पुरुषी नजरेला शरण गेली, असा एक सूर त्यातून निघतो. तिथे माझं आणि पुस्तकाचं पटत नाही.

माझी मामी शहाद्यात ब्लाउज शिवते. तिने पोटाचा भाग वापरून पुनर्रचना करून घेतली. कारण विचारल्यावर तिने नवऱ्याचं नाव घेतलं नाही की सौंदर्याचंही. रोज सकाळी उठून आधी कापडाची घडी भरायची आणि मग दिवस सुरू करायचा, हे तिला नको होतं. लॉर्डना आपलं ऑपरेशन विसरायचं नव्हतं, मामीला दिवसातले काही तास तरी ते विसरायचं होतं. दोन्ही मागण्या स्वाभिमानाच्याच आहेत.

मामीचा निर्णय कसा झाला, ते जास्त महत्त्वाचं. डॉक्टरांनी आकृती काढून समजावलं होतं आणि चांगलं समजावलं होतं. पण तिचं मन ठरलं ते तपासणीसाठी आलेल्या अमळनेरकडच्या एका बाईमुळे. तिचं ऑपरेशन आधी झालेलं होतं. तिने पडदा ओढला आणि दाखवलं. छातीवरचे व्रण, पोटावरचा या कुशीपासून त्या कुशीपर्यंतचा व्रण, सगळं. हात लावला तर कळत नाही, थंडीत गार लागतं, हेही सांगितलं. एक उशी हाताखाली, एक गुडघ्यांखाली, आणि परतीच्या प्रवासात एक पोटाशी धर, गाडी आदळेल तेव्हा लागेल. शहाद्याला रेल्वे नाही. नंदुरबारला किंवा दोंडाईचाला उतरून पुढे रस्त्याने यावं लागतं, आणि उसाच्या हंगामात तो रस्ता कसा असतो हे इकडच्यांना माहीत आहे.

त्या पडद्याआड जे घडलं, ते लॉर्ड मागत होत्या तेच होतं. एका बाईने दुसरीला स्वतःला दिसू दिलं. त्यानंतरचा निर्णय लॉर्डच्या नेमका उलटा निघाला, तरी पुस्तकाचा गाभा हरत नाही. हरते ती फक्त निर्णयावरून बाईची परीक्षा घेण्याची सवय.

यशोदेच्या खाटेशेजारी

आपल्या भाषांमध्ये या विषयावरची सगळ्यात भेदक कथा बंगालीत आहे, महाश्वेता देवींची ‘स्तनदायिनी’. नवरा अपंग झाल्यावर यशोदा हालदारांच्या वाड्यात दूध पाजणारी बाई म्हणून राहते. दूध आटू नये म्हणून स्वतःही बाळंत होत राहते. अर्धं शतक भरेल इतकी स्वतःची आणि परकी मुलं वाढवल्यावर तिच्या स्तनात कर्करोग होतो आणि ती एकटी मरते. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांच्या इंग्रजी अनुवादामुळे ही कथा जगभर वाचली गेली. तिच्यावर मातृत्व, मजुरी, वर्ग आणि राष्ट्राचं रूपक अशा अंगांनी भरपूर लिहिलं गेलं.

ते सगळं कथेत आहे. पण मी ती वाचताना यशोदेच्या खाटेशेजारची जागा पाहत राहते. तिने पाजलेली मुलं तिथे नाहीत, हे महाश्वेता देवी ठसवतात. दुसरी गोष्ट त्या न बोलता दाखवतात. तिच्यासारखी दुसरी बाईही तिथे नाही. यशोदेला आई करणारे पुष्कळ आहेत, तिला बहीण करणारं कुणी नाही. आई म्हटलं की देवी होते, आणि देवीला खांदा आखडतो का हे कुणी विचारत नाही.

हिंदीत २०१२ मध्ये हाच प्रश्न वादाच्या रूपाने आला. पवन करण यांची ‘स्तन’ आणि अनामिका यांची ‘ब्रेस्ट कॅन्सर’ या कवितांवर शालिनी माथुर यांनी ‘कथादेश’मध्ये कडक टीका केली. त्यांचा रोख असा, की या कवितांमध्ये व्याधीच्या निमित्ताने स्तनाचीच चर्चा होते, आजारी बाई बाजूला राहते. अनामिकांच्या कवितेवर हा घाव मला थोडा जड वाटतो. आपल्याच आजाराशी उपरोधाने बोलणं हाही बरं होण्याचा एक मार्ग आहे. मराठीत पद्मजा फाटक यांनी ‘हसरी किडनी’त तो दाखवला आहे. पण माथुर यांचा मूळ प्रश्न टिकतो. कविता कुणाच्या बाजूला बसली आहे, पाहणाऱ्याच्या की खाटेवरच्या बाईच्या?

शब्द कुठून आणायचे

एकमेकींशी बोलायला आधी शब्द लागतो. डॉक्टर ‘स्तन’ म्हणतात, घरात ‘छातीचं ऑपरेशन’ म्हणतात. त्यामुळे शेजारपाजारी काही जणांना हृदयाचं वाटतं आणि ते तसंच वाटू दिलं जातं. ‘पुनर्रचना’ कुणाच्या तोंडी नाही. आमच्या तालुक्यात त्याच्या जवळचा एक शब्द मात्र सगळ्यांना माहीत आहे, पुनर्वसन. सरदार सरोवरात नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं बाधित झाली आणि त्यातल्या अनेक कुटुंबांच्या वसाहती तळोदा–शहादा भागात आल्या. नवी जमीन म्हणजे जुनी जमीन नव्हे, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. आणि या नव्या जमिनीत पाणी कुठे मुरतं, ते कागदावर नसतं, आधी येऊन राहिलेल्याला विचारावं लागतं.

बोलण्याची परंपराही इथे आहे. १९७०च्या दशकात श्रमिक संघटनेच्या शिबिरांमध्ये शहादा परिसरातल्या आदिवासी बायका नवऱ्यांच्या दारूबद्दल आणि मारहाणीबद्दल बोलू लागल्या. एकीने सांगितलं की दुसरी ‘माझंही तसंच’ म्हणायची. त्यातून त्या गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडत गेल्या. कर्करोगात फोडायला मडकं नाही, हा फरक मोठा आहे. पण ‘माझंही तसंच’ हे पहिलं वाक्य तेच आहे.

आज ते वाक्य मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी ऐकू येतं, जिथे टाटा रुग्णालयात उपचार घेणारे गावोगावचे लोक मुक्कामाला असतात. ‘साईशा इंडिया फाउंडेशन’च्या स्वयंसेविका पुनर्रचना न केलेल्या बायकांसाठी सुती धाग्याचे हलके कृत्रिम स्तन विणून मोफत देतात. लॉर्ड यांनी यालाही गादीच म्हटलं असतं का? कदाचित. पण मागणाऱ्या बाईला ते मिळणं आणि न मागणाऱ्या बाईवर ते लादलं जाणं, यातला फरक त्यांच्याच पुस्तकाने शिकवला आहे.

सोबतीच्या मर्यादाही आहेत. स्वतःला लागू पडलेलं दुसरीला लागू पडेलच असं नाही. ताप आला, छाती लाल झाली, हात सुजला तर मैत्रिणीला नाही, डॉक्टरांना फोन करायचा. दुसरी अडचण सक्तीच्या हसण्याची. बार्बरा एरेनराइक यांनी २००१ मध्ये ‘वेलकम टू कॅन्सरलँड’ या निबंधात गुलाबी फितींच्या आनंदी बाजाराची चिरफाड केली. स्वतः उपचार घेत असताना त्यांना रागावण्याचीही परवानगी नाही, असं वाटत होतं. चांगली सोबतीण ‘धीर धर’ म्हणत नाही. ती ‘पंधराव्या दिवशी मलाही असंच वाटलं होतं’ म्हणते.

म्हणून या विषयावरचं लेखन तपासताना मी एक साधी कसोटी लावते. ऑपरेशनला चार दिवस राहिलेल्या बाईच्या हातात हे दिलं, तर तिला काही मिळेल का? लॉर्ड हिंमत आणि राग देतात, महाश्वेता देवी भीतीचं खरं कारण दाखवतात. दोन्ही मोठी कामं आहेत. पण ड्रेनच्या बाटलीची रोजची नोंद, बोटांनी भिंत चढत एक एक इंच वर जाणारा हात, बधिर कातडीवर पहिल्यांदा टेकलेलं नातवंडाचं डोकं, हे मराठीत अजून लिहून व्हायचं आहे. लिहू शकणाऱ्या बायका आहेत. सध्या त्या हे पडद्याआड, एकेकीलाच सांगत आहेत.