अद्ययावतीकरण आणि संमतीचा प्रश्न

संगणकाच्या कार्यप्रणालीचे अद्ययावतीकरण सुरक्षिततेसाठी अपरिहार्य असते, हे निर्विवाद होय. मार्च २०१७ मधील सुरक्षा-दुरुस्ती न स्वीकारलेले असंख्य संगणक मे महिन्यात 'वॉनाक्राय'च्या हल्ल्याला बळी पडले. परंतु मायक्रोसॉफ्टने जुलै २०१५ मध्ये आणलेल्या 'विंडोज १०' मध्ये या गरजेच्या आधारे इतर बाबीही वापरकर्त्यावर लादल्या गेल्या. निदानविषयक माहितीचे संकलन सामान्य वापरकर्त्याला पूर्णतः बंद करता येत नसे. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने जून २०१६ मध्ये कंपनीला नोटीस बजावली. सुधारणा झाल्यावर जून २०१७ मध्ये ते प्रकरण मिटले. पुढे ऑक्टोबर २०१८ च्या अद्यतनामुळे काहींच्या फायलीच नष्ट झाल्या आणि त्याचे वितरण थांबवावे लागले.

या दोन्ही घटनांचे मूळ एकच आहे : यंत्र वापरकर्त्याचे, निर्णय मात्र उत्पादकाचा. सुरक्षा-दुरुस्तीची सक्ती समर्थनीय ठरू शकते. तथापि नव्या सुविधा आणि माहितीसंकलन त्याच गाठोड्यात बांधणे समर्थनीय नाही. अशा सक्तीमुळे वापरकर्ता अद्यतनांनाच टाळू लागतो आणि अखेरीस सुरक्षिततेचीच हानी होते. म्हणूनच संमती हा सुरक्षिततेतील अडथळा नसून तिचा पाया होय, असे म्हणावे लागते.