साखळी पक्की, पण नोंद खरी?

शाळेचे जनरल रजिस्टर कसे ठेवावे हे शिक्षकांना सांगायला नको. पानांना क्रमांक, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, खाडाखोड नाही, सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय दुरुस्ती नाही. एवढी दक्षता असूनही महाराष्ट्रातील अनेकांचा वाढदिवस कागदोपत्री १ जूनला येतो. जन्माचा दाखला नसलेल्या मुलाला दाखल करून घेताना गुरुजींनी ती तारीख घातली आणि पुढे नियमांनी ती कायमची जपली. 'ब्लॉकचेन' या तंत्राविषयी केले जाणारे दावे तपासताना आम्हांला हे रजिस्टर आठवते.

दावा असा की, हे तंत्र व्यापारातील नोंदी आणि इंटरनेटची पायाभूत व्यवस्था आमूलाग्र बदलून टाकील. मध्यस्थ लागणार नाही, विश्वासाची हमी गणितच देईल. त्यात तथ्य किती, हे पाहण्यापूर्वी तंत्र समजून घेऊ.

हा प्रयोग फळ्यावर करता येईल. दुकानाच्या वहीत ३४०, २१५ आणि १२८ रुपयांच्या तीन नोंदी आहेत. ३४० ला ९७ ने भागून उरणारी बाकी, ४९, त्या ओळीपुढे लिहा. दुसऱ्या रकमेत हे ४९ मिळवून पुन्हा ९७ ने भागा, बाकी ७०. तिसऱ्या रकमेत ७० मिळवून भागा, बाकी ४. आता कोणी ३४० चे ४३० केले तर बाक्या ४२, ६३ आणि ९४ अशा होतात. पहिल्या ओळीतील लबाडी शेवटच्या ओळीत उघडी पडते. प्रत्यक्षात भागाकाराऐवजी 'एसएचए-२५६' सारखी सूत्रे वापरतात. कितीही मोठ्या मजकुराचा त्यातून २५६ बिटांचा ठसा निघतो, आणि तोच ठसा देणारा दुसरा मजकूर शोधणे व्यवहारात अशक्य असते.

पण वही एकाच्याच हाती असेल तर तो सगळे ठसे नव्याने मांडू शकेल. म्हणून ठसा अनेकांच्या हाती हवा. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये दस्तऐवजांवर कालमुद्रा उमटवण्याची अशी पद्धत मांडली. १९९५ पासून असे ठसे 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये छापले जाऊ लागले. घरोघरी पोहोचलेले वृत्तपत्र कोण बदलणार? सातोशी नाकामोतो या नावाने २००८ मध्ये मांडल्या गेलेल्या बिटकॉइनने यात भर घातली ती एवढीच की, वहीच्या प्रती ठेवणारे परस्परांना अनोळखी असले तरी त्यांचे एकमत व्हावे.

आता व्यापाराकडे वळू. आंब्याच्या फोडींचे पाकीट कोणत्या बागेतून आले, हे शोधायला पूर्वी जवळजवळ सात दिवस लागत, ब्लॉकचेनमुळे २.२ सेकंदांत कळले, असे अमेरिकेतील वॉलमार्टने २०१७ मध्ये जाहीर केले. हे उदाहरण पुढे सर्वत्र सांगितले गेले. आमच्या मते यातील श्रेय चुकीच्या खात्यावर जमा झाले आहे. वेळ वाचला तो बागायतदारापासून दुकानापर्यंत सर्वांच्या नोंदी एकाच नमुन्यात संगणकावर आल्या म्हणून. साध्या सामाईक माहितीसाठ्यातही शोध इतकाच जलद लागला असता. शिवाय पेटीवर चुकीच्या बागेची चिठ्ठी लागली, तर साखळी ती चूक तितक्याच निष्ठेने जपणार.

दुसरी मर्यादा माणसांच्या व्यवहारातली आहे. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये 'ट्रेडलेन्स' ही मालवाहतुकीच्या कागदपत्रांची व्यवस्था उभारली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंद करण्याचे जाहीर झाले. तंत्र चालत होते. पण साऱ्या उद्योगाचे आवश्यक ते सहकार्य मिळाले नाही, असे चालकांनीच सांगितले. आपली माहिती प्रतिस्पर्ध्याच्या पुढाकाराने चालणाऱ्या वहीत लिहावी की नाही, हा प्रश्न गणिताने सुटणारा नव्हता.

मग ही कल्पना निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. संकेतस्थळाची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे देणाऱ्या डिजिनोटार या डच कंपनीच्या संगणकांत २०११ मध्ये घुसखोरी झाली आणि गूगलसह अनेकांच्या नावे खोटी प्रमाणपत्रे निघाली. त्यानंतर प्रमाणपत्रांच्या जाहीर नोंदवह्या सुरू झाल्या. राल्फ मर्कल यांच्या वृक्षरचनेने त्यांतील ठसे गुंफलेले असतात. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेले प्रमाणपत्र अशा वहीत नोंदल्याचा पुरावा नसेल, तर क्रोम ते सहसा स्वीकारत नाही. खोटे प्रमाणपत्र निघणे यामुळे थांबत नाही, पण लपून राहणे अवघड होते. इथे ना नवे चलन आहे, ना मध्यस्थांची हकालपट्टी. इंटरनेटच्या पायात ही कल्पना गाजावाजा न होता बसली, कारण नोंदवायची वस्तू मुळातच संगणकीय आहे. नोंद आणि वस्तू यांत आंबा आणि चिठ्ठी यांच्याइतके अंतर नाही.

आज दाखल्यांपासून जमिनीच्या उताऱ्यांपर्यंत सर्वत्र हे तंत्र सुचवले जाते. त्यावर पैसा जनतेचा लागतो आणि नोंद चुकली तर हाल सामान्य माणसाचे होतात. म्हणून विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे: पहिली नोंद कोण करतो आणि ती कोण पडताळतो? चूक झाल्यास दुरुस्ती कशी होणार? आणि हेच काम साध्या माहितीसाठ्याने का होणार नाही? या तिन्हींची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर साखळी जरूर वापरावी.