जुन्या मदरबोर्डची दुरुस्ती : एक चिकित्सक विचार

दुरुस्ती हे कारागिराचे काम आणि समीक्षा हे विद्वानाचे, अशी विभागणी आपल्याकडे रूढ आहे. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाही. मदरबोर्डवरील निकामी घटक काढून त्या जागी दुसरा बसविणे ही भ्रष्ट पाठाच्या शुद्धीकरणाशी नाते सांगणारी कृती होय. तेव्हा तिला पाठचिकित्सेचे निकष लावून पाहणे उचित ठरेल.

मराठीच्या अभ्यासकाने या विषयात का पडावे, असा प्रश्न येथे संभवतो. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या 'जिस्ट' कार्डामुळे डॉस प्रणालीच्या संगणकांवर देवनागरी लेखन शक्य झाले. हे कार्ड मदरबोर्डवरील 'आयएसए' खाचेत बसविले जाई. पुढे २००० नंतरच्या काही वर्षांत सर्वसाधारण मदरबोर्डवरून ही खाच नाहीशी झाली. परिणामी, त्या काळातील मराठी मजकूर मूळ रूपात पाहावयाचा तर जुना मदरबोर्डच जिवंत ठेवावा लागतो.

महाड व पोलादपूर येथे माझ्या पाहण्यात आलेल्या दोन दुरुस्त्या या दृष्टीने तुलनीय आहेत. पहिला संगणक महाडचा. २२ जुलै २०२१ च्या सावित्रीच्या पुरात बुडालेला. पूरग्रस्त यंत्र वाळले असे वाटून तत्काळ वीज देण्याचा मोह होतो; परंतु चिपच्या पायांमध्ये बसलेला गाळ ओलावा धरून ठेवतो व शॉर्ट होतो. येथे तो मोह टाळला गेला, ही जमेची बाजू. मात्र दुरुस्तीकाराने बोर्ड नव्यासारखा चकचकीत करण्याच्या भरात सर्वच कपॅसिटर बदलले, सुस्थितीतील सुद्धा. बायॉस चिपवरील कागदी चिकटपट्टीही खरवडून काढली. ती शोभेची नव्हती. त्या काळच्या अनेक बायॉस चिपना काचेची खिडकी असे. तीतून अतिनील किरण गेल्यास आतील मजकूर पुसला जातो. पट्टी त्या खिडकीचे झाकण होती आणि आवृत्तीचा क्रमांकही तिच्यावरच होता. काय बदलले, याची नोंद कोठेही नाही. बोर्ड सुरू होतो, हे खरे. पण त्यात मूळ किती आणि प्रक्षिप्त किती, हे आता सांगता येणार नाही.

पोलादपूरच्या संगणकाचे दुखणे वेगळे होते. ३८६ आणि ४८६ पिढीच्या अनेक बोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असे. ती कालांतराने गळते. तिच्यातील अल्कली तांब्याच्या रेषा खात संरक्षक थराखालून पसरते. बॅटरीची जागा बहुधा कीबोर्डच्या जोडणीलगत, त्यामुळे पहिला घाव कीबोर्डवर पडतो. येथेही तसेच झाले होते. दुरुस्तीकाराने पातळ व्हिनेगरने अल्कली मारली, बोर्ड धुऊन वाळविला, मल्टीमीटरने एकेक रेष तपासली आणि तुटलेल्या तीन रेषांवर लाखेचा थर असलेली बारीक तार टाकून जोड दिला. तार उघडी दिसते. कुरूप दिसते, असेही कोणी म्हणेल. परंतु कॅबिनेटच्या आत त्याने एक चिठ्ठी चिकटविली आहे : कोणती रेष, कोठून कोठे, कोणत्या दिवशी. मला ही दुरुस्ती निःसंशय श्रेष्ठ वाटते.

भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या संपादकांनी प्रक्षिप्त मानलेले श्लोक टाकून दिले नाहीत. तळटीपांत व परिशिष्टांत ते जपले. संपादकाचा निर्णय वाचकाला उलटा तपासता यावा, ही त्यामागील भूमिका. पोलादपूरच्या तारेत तीच भूमिका आहे. तिच्या कर्त्याने पाठचिकित्सेचे नावही ऐकले नसेल, हा भाग निराळा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हार्डडिस्क वेगळी काढून अ‍ॅडॉप्टरद्वारे आजच्या संगणकावर वाचता येते. १९९१ मध्ये भारतीय मानक ठरलेल्या 'इस्की' संकेतातील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरितही होतो. मग बोर्डचा खटाटोप कशासाठी? 'इस्की'पुरता हा आक्षेप मी बऱ्याच अंशी मान्य करतो. परंतु पुढील काळात प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची संकेतरचना स्वतंत्र होती आणि मूळ फॉन्ट नसल्यास तो मजकूर निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसतो. रूपांतरात जोडाक्षर बिघडले की नाही, हे ठरविण्यास मूळ यंत्राच्या पडद्यावरील रूप हीच साक्ष उरते. साक्षीपोथी नष्ट करून केवळ नकलेवर विसंबणारा संपादक आपण मान्य केला नसता.

महाविद्यालयांत मात्र नेमके हेच घडते. निर्लेखन समितीपुढे जुना संगणक येतो तो जडसंग्रह नोंदवहीतील क्रमांक म्हणून. नोंदवहीत खरेदीचा दिनांक असतो, किंमत असते. यंत्रात कोणता मजकूर आहे, याचा रकाना नसतो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांना माझा विरोध नाही. समितीत मराठीच्या किंवा इतिहासाच्या एका प्राध्यापकाने बसावे आणि यंत्र भंगारात जाण्यापूर्वी एकदा सुरू करून पाहावे, एवढीच अपेक्षा आहे.

पोलादपूरच्या त्या बोर्डवर नवी बॅटरी मुद्दाम बसविलेली नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी दिनांक आणि हार्डडिस्कची मापे हाताने भरावी लागतात. ती मापेही चिठ्ठीच्या तळाशी लिहिलेली आहेत.