जहाज आणि राज्य

विज्ञानकथा म्हणजे मुलांनी सुटीत वाचावयाची करमणूक, हा समज आपल्या शिक्षकवर्गातून अद्याप पुरता गेलेला नाही. ज्यांस तो पारखून पाहावयाचा असेल त्यांनी रॉबर्ट हाइनलाइन ह्या अमेरिकन लेखकाची 'स्टारशिप ट्रूपर्स' ही १९५९ सालची कादंबरी अवश्य वाचावी, असे आम्ही सुचवितो. ती वाचून पुष्कळांस राग येईल. आम्हांसही काही ठिकाणी आला. परंतु नागरिक कोणास म्हणावे, मताचा अधिकार कोणास असावा आणि शाळेने मुलांस काय शिकवावे, हे प्रश्न इतक्या रोखठोकपणे मांडणारी कादंबरी सहजासहजी हाती पडत नाही.

हाइनलाइन ह्यांचा जन्म १९०७ चा. ॲनापोलिस येथील नाविक अकादमीतून ते १९२९ साली पदवीधर झाले. 'लेक्सिंग्टन' ह्या विमानवाहू जहाजावर व पुढे 'रोपर' ह्या विनाशिकेवर त्यांनी अधिकारी म्हणून काम केले. क्षयरोगामुळे १९३४ साली त्यांस निवृत्त व्हावे लागले. दुसऱ्या महायुद्धात ते फिलाडेल्फियाच्या नौदल-कारखान्यात मुलकी अभियंता होते. म्हणजे ह्या लेखकाने जहाज आतून पाहिले, शिस्त अंगी बाणविली. मात्र रणांगण प्रत्यक्ष भोगले नाही. त्यांच्या लेखनाचे बळ आणि त्यातील उणीव ही दोन्ही ह्या एकाच गोष्टीपासून निघतात, असे आमचे मत आहे.

प्रथम बळाचा विचार करू. 'स्पेस कॅडेट' ही त्यांची १९४८ सालची किशोर-कादंबरी म्हणजे अंतराळात नेऊन वसविलेले ॲनापोलिसच होय. तेथे हजेरीच्या वेळी, कर्तव्य बजावताना मरण पावलेल्या चौघांची नावे पुकारली जातात आणि जिवंतांपैकी कोणीतरी त्यांच्या वतीने 'ओ' देतो. परंपरा म्हणजे काय, हे सांगण्यास एवढी एक रीत पुरेशी आहे. 'स्टारशिप ट्रूपर्स'मधील रंगरूटांच्या शिक्षणाचा भागही असाच आहे. हेंड्रिक नावाचा पोरगा झिम ह्या करड्या कवायत-शिक्षकावर हात उचलतो. त्यास फटके बसतात व तो बडतर्फ होतो. कथेचा नायक जॉनी रिको नंतर चोरून ऐकतो ते वेगळेच. झिम आपल्या कप्तानापुढे दोष स्वतःकडे घेत असतो : तो पोरगा आपल्यावर हात टाकू शकला, ही चूक आपली. जहाजाच्या कप्तानावर जहाजाचा संपूर्ण भार असतो, ही नाविकांची जुनी नीती येथे भाषणाविना उभी राहिली आहे. शिस्त ही वरच्यासही तितकीच बांधते, हे ज्याने अनुभवले नाही त्याच्या लेखणीतून असे प्रकरण उतरणार नाही.

आता उणिवेकडे वळू. कादंबरीतील राज्यात स्वेच्छेने राष्ट्रसेवा पुरी करणाऱ्यासच मताधिकार मिळतो. ह्यास सरसकट हुकूमशाही म्हणणे अन्यायाचे होईल. सेवेसाठी पुढे येणाऱ्या कोणासही नाकारता येत नाही, सेवा चालू असताना मत देता येत नाही, आणि सेवा सोडून जाणाऱ्याचे मताधिकारावाचून दुसरे काही जात नाही. तथापि जहाजाचा कायदा लेखकाने जमिनीवर उतरविला आहे, ही गोष्ट उरतेच. जहाजावर सर्वांचा जीव एकाच तळावर अवलंबून असतो आणि जावयाचे बंदर आधीच ठरलेले असते. म्हणून तेथे आज्ञा शोभते. राज्यात कोणत्या बंदरास जावयाचे हाच मुळी वादाचा विषय असतो, आणि मत हे त्या वादातील बोलणे आहे. ते सेवेचे बक्षीस ठरविले की शेत पिकविणारा, रुग्णाच्या उशाशी रात्र काढणारी परिचारिका, जिवावर उदार होऊन मूल जन्मास घालणारी माता ह्या सर्वांचे समाजावरील ऋण हिशेबाबाहेर राहते.

ही अडचण लेखकास जाणवली असावी. म्हणूनच त्याने असा शत्रू कल्पिला की ज्याच्याशी ना बोलणे, ना तह : मुंग्यांसारख्या एकजीव समूहाने लढणारे महाकाय कीटक. वादळ कायमचेच ठेवले म्हणजे जहाजाचा कायदाही कायमचा ठेवता येतो. कादंबरीचा जन्मही अशाच वादळात झाला. १९५८ साली अमेरिकेत अणुचाचण्या थांबविण्याची चळवळ जोरात होती. हाइनलाइन व त्यांची पत्नी व्हर्जिनिया, ज्या स्वतः नौदलात अधिकारी होत्या, ह्यांनी तिच्याविरुद्ध वृत्तपत्रात जाहिरात दिली. आणि हाती असलेले दुसरे लेखन बाजूस ठेवून हाइनलाइन ह्यांनी ही कादंबरी लिहिली.

शिक्षकांस विशेष विचार करावयास लावील ते द्युबुआ ह्या निवृत्त सेनाधिकाऱ्याचे पात्र. 'इतिहास व नीतितत्त्वज्ञान' हा विषय ते शाळेत शिकवितात. त्यांच्या तासाला विद्यार्थी बोलतात ते केवळ खोडून काढले जाण्यासाठी. इतक्या बुद्धिमान लेखकास एकही तोडीचा प्रतिवादी उभा करता येऊ नये, ह्याचे आम्हांस आश्चर्य वाटते. कारण 'स्पेस कॅडेट'मध्ये सुटीवर घरी आलेल्या मॅटच्या मनात, वेळ आली तर आपल्याच गावावर अस्त्र टाकावे लागेल काय, हा प्रश्न त्याने सलत ठेवला होता. मात्र हेच द्युबुआ, छावणीत खचलेल्या रिकोस जे एक पत्र पाठवितात, त्याने पोराचे मन सावरते. पुस्तकातील थोर शिक्षक आम्हांस व्याख्यानात भेटला नाही. तो त्या पत्रात भेटला.

आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. नायकाची मातृभाषा टागालोग आहे, हे लेखक अगदी शेवटाकडे, जाता जाता सांगतो. तेथे मॅगसेसे ह्यांचे नावही गौरवाने येते. त्यांच्या नावचा पुरस्कार १९५८ साली विनोबाजींस मिळाल्यामुळे आपणांस ते नाव परके नाही. १९५९ च्या अमेरिकन कादंबरीत गौरेतर तरुण नायक व्हावा आणि त्याचा गाजावाजाही होऊ नये, ही लहान गोष्ट नव्हे.

ह्या कादंबरीस १९६० साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. व्हिएतनाममध्ये लढून जखमी झालेल्या जो हाल्डमन ह्यांची 'द फॉरेव्हर वॉर' ही कादंबरी १९७४ साली आली व तिलाही पुढे तोच पुरस्कार लाभला. तिच्यातील सैनिक शतकानुशतके लढून परततो तेव्हा घर ओळखीचे राहिलेले नसते, आणि युद्ध गैरसमजातून पेटले होते असे त्यास कळते. द्युबुआंच्या वर्गात न उठलेला प्रतिवादी जणू येथे उठून उभा राहतो. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांपुढे ठेवावयाची झाली तर ही दोन्ही पुस्तके जोडीने ठेवावीत, आणि द्युबुआंचे प्रश्न तेवढे घेऊन उत्तरे मुलांवर सोडावीत, अशी आमची शिफारस आहे.